डाव्या गुडघ्याचा वाटा

माझ्या मायचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. कोणी भेटायला आलं की ती उजव्या गुडघ्यावर हात ठेवते आणि म्हणते, "हा मोठ्याचा." मग डाव्यावर ठेवते. "अन् हा धाकल्याचा." पाहुणे म्हणतात, नशीब काढलं तुम्ही, आजकाल कोण करते एवढं. त्या वेळी मी खोलीत असलो तर चहाचं पाहतो म्हणून आत जातो. आत चहाचं पाहायला माझी बायको असतेच. ती माझ्याकडे पाहते आणि गॅस थोडा बारीक करते.

डाव्या गुडघ्याचे पैसेही मीच भरले आहेत. हे मी लिहून काढतो आहे, कारण बोलून पाहिलं आणि त्याचा उपयोग झाला नाही.

आम्ही मूळचे उंद्रीकडचे. मी चिखलीला एका अडत दुकानात हिशेब पाहतो. धाकटा भाऊ दूर पुण्याला कंपनीत आहे. आमच्यात सगळ्यांत मोठी बहीण, ती मेहकरला दिली आहे. वडील गेल्यावर वाटणी झाली ती गावानं नाव घ्यावं अशी स्वच्छ झाली. शेत निम्मं, विहिरीच्या पाण्याचे दिवस निम्मे, बांधावरच्या चिंचेच्या चिंचासुद्धा पोत्यात भरून, तोलून निम्म्या. माय माझ्याकडे राहते, त्याचा वाटा कधी कोणी काढला नाही आणि मीही काढला नाही. पण ऑपरेशनचं ठरलं तेव्हा खर्च माझ्या एकट्याच्या आवाक्यातला नव्हता. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघे करावे लागतील असं सांगितलं होतं.

बहीण एसटीनं आली. तिनं मायच्या खाटेवर बसून धाकट्याला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"दोन गुडघे हायेत, दोन लेकं हायेत," ती म्हणाली. "एकेक घ्या. मले मधात घेऊ नका."

"चालते ताई," भाऊ हसत म्हणाला. "डावा माझा."

"काऊन, डावाच काऊन?"

"डावा जास्त खराब आहे ना. पुण्य जास्त."

माय इतकी खूश झाली की तिनं त्या दिवशी डाव्या पायाला तेलसुद्धा जास्त चोळलं. मी एवढंच म्हणालो, की दवाखान्यानं जो कागद दिला आहे त्याच्या बरोबर निम्मे पाठव. एक रुपया जास्त नको, एक कमी नको. पुढं कोणाला बोलायला जागा राहू नये.

"दादा, तू जन्मभर मुनीमच राहशील," तो म्हणाला. बहीण हसली. मीही हसलो.

दोन-तीन दिवसांनी त्याचा फोन आला. पैसे आहेत, पण बँकेत नाहीत. त्यानं ते एका डिजिटल नाण्यात घातले होते. त्यानं स्वतः विकले तर कर त्याच्या डोक्यावर बसत होता, म्हणून ते तो माझ्याकडे पाठवणार आणि मी विकून त्याचे रुपये करायचे, असं त्यानं ठरवलं होतं. मी विचारलं, मग कर माझ्या डोक्यावर बसेल त्याचं काय. "तुझं उत्पन्न कमी आहे दादा, तुले काही होत नाही," तो म्हणाला. ते खरं नव्हतं. या नाण्यांच्या नफ्यावरचा कर उत्पन्न पाहून लागत नाही, एवढं मला माहीत होतं. पण ऑपरेशनची तारीख जवळ येत होती, म्हणून मी वाद घातला नाही.

मी फोनवर वॉलेट घेतलं. वॉलेट म्हणजे हे नाणं ठेवायची पिशवी. त्यानं एक लिंक पाठवली, ती उघडून 'जोडा' म्हणून बटण येईल ते दाब म्हणाला. अशी बटणं दाबू नयेत हे मला कळतं, म्हणून मी पुन्हा फोन करून विचारलं. तो चिडला. "मी पाठवलेली आहे ना? सख्ख्या भावावर विश्वास नाही का?" मी दाबलं.

संध्याकाळी घरच्या ग्रुपवर त्याचा मेसेज आला: डावा गुडघा पाठवला. बहिणीनं खाली हात जोडले. माझ्या पिशवीत शून्य होतं. मी लिहिलं, अजून आले नाहीत. त्यावर त्यानं एक लिंक टाकली. ती उघडली की एक पान येत होतं, सगळं इंग्रजीत, त्यात कोणाकडून कोणाकडे किती गेले आणि पुढं हिरवी खूण. हे पान जगातला कोणीही माणूस उघडून पाहू शकतो. बहिणीनं मेहकरमध्ये उघडलं, दाजींना दाखवलं, आणि लिहिलं, आले म्हणते ना इथं.

झालं असं होतं, की भावानं पैसे एका नव्या नेटवर्कवरून पाठवले होते. बाजाराच्या भाषेत सांगायचं तर माझ्या नावाची पावती फाटली होती, पण ती चिखलीच्या बाजारात नाही, दुसऱ्याच एका बाजारात. तो बाजार नवा होता आणि माझ्या फोनला त्याचा रस्ता माहीत नव्हता. लिंक दाबल्यावर तो रस्ता आपोआप जोडला जायला हवा होता, तो जोडला गेला नाही. आता हातानं जोडायचा. भावानं मला त्याचा तपशील पाठवला: नेटवर्कचं नाव, त्याचा पत्ता, त्याचा क्रमांक, तिथल्या नाण्याची खूण, आणि ते सगळ्यांना दिसणारं पान कुठलं ते.

मी दुपारी दुकानात, हमाल जेवायला बसलेले असताना, हे भरायला घेतलं. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. क्रमांक टाकला की पेटी लाल होत होती. क्रमांक चूक आहे एवढंच ते म्हणत होतं. मी भावाच्या मेसेजशी एकेक अंक ताडून पाहिला. बरोबर होता. पुसून पुन्हा टाकला, पुन्हा लाल. आकडे ताडण्यात माझी चूक सहसा होत नाही. म्हणून मी ग्रुपवर लिहिलं, की तू पाठवलेला क्रमांक चुकीचा आहे, तपासून पुन्हा पाठव, आणि सोबत माझ्या फोनवरचा फोटो टाकला.

उत्तर लगेच आलं. "दादा, अंक मराठीतून टाकले तर त्याला कसे कळतीन?"

माझ्या फोनवरची टाइप करायची पाटी मराठी आहे. दुकानातला हिशेब मी मराठी अंकांत लिहितो, वडीलही लिहीत, मालकही लिहितात. एक हा १ आणि दोन हा २, यात त्या यंत्राला न कळण्यासारखं काही असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मी त्याच्या मेसेजमधला क्रमांक जसाच्या तसा उचलून त्या पेटीत ठेवला आणि रस्ता जोडला गेला. ग्रुपवर बहीण हसली, दाजी हसले, भाच्यानं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारं तोंड टाकलं. गमतीची गोष्ट होती, हसायला हरकत नव्हती. पण त्या दिवसानंतर या विषयावर मी जे काही म्हणालो, ते सगळं मराठी अंकांच्याच जातीचं धरलं गेलं. दादाले समजत नाही. दादाले जमत नाही.

रस्ता जोडला तरी पिशवीत शून्यच दिसत होतं, कारण ते त्या नेटवर्कच्या स्वतःच्या नाण्याचं शून्य होतं. भावानं पाठवलेलं नाणं वेगळं. ते दिसावं म्हणून त्याचाही पत्ता एकदा डकवावा लागतो. तो डकवला आणि रक्कम आली. मी त्या दिवसाचा भाव लावून पाहिला. बरोबर निम्मे होते, एक रुपया इकडे नाही, तिकडे नाही. मी ग्रुपवर लिहिलं: आले. बरोबर आहेत.

आमच्या धंद्यात आकडा जुळला की पोच द्यायची असते. मी पोच दिली.

दुसऱ्या दिवशी ते विकायला म्हणून अशा नाण्यांच्या ऑनलाइन बाजारात पाठवू लागलो, तर जाईनात. त्या नेटवर्कवरून काहीही हलवायचं तर थोडी फी लागते, आणि ती फी फक्त त्यांच्याच नाण्यात चालते. ते नाणं माझ्याकडे शून्य होतं. तेव्हा ते आपल्याकडच्या कोणत्याच बाजारात विकत मिळत नव्हतं. त्या नेटवर्कवर असलेल्या कोणी मला थोडंसं पाठवलं तरच जमणार होतं, आणि त्या नेटवर्कवर माझ्या ओळखीचा एकच माणूस होता.

मी भावाला फोन केला.

"दादा, मी माझा वाटा देल्ला," तो म्हणाला. "एक रुपया जास्त नाही, एक कमी नाही. तूच म्हणला होता."

"हा वाटा नाही, ही फी आहे. एका चहाची किंमत आहे त्याची."

"माझ्याजवळ ते नाणं उरलं नाही. पाहतो कुठून तरी."

दोन दिवसांनी पुन्हा विचारलं. पाहून राह्यलो, म्हणाला. पुढच्या आठवड्यात, मीटिंगमध्ये आहे म्हणाला. मग बहिणीचा फोन आला.

"भाऊ, तो म्हणते दादा अजून पैसे मागून राह्यला."

मी तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, ताई, असं समज, तुझं सोयाबीन दुसऱ्या गावच्या बाजारात पडलं आहे. उचलून आणायचं तर हमाली द्यावी लागते. हमाल सोयाबीन घेत नाही, रोख मागतो.

"मग दे ना हमाली. तुझ्याजवळ रोख नाही का?"

"तिथं आपला रुपया चालत नाही. तिथलंच नाणं लागते. ते त्याच्याजवळ आहे."

"तो म्हणते नाही."

"आहे. त्याशिवाय त्यानं मले पाठवलं कसं असतं? पाठवायलेही तीच फी लागते."

"हं," ती म्हणाली. मला वाटलं, पटलं. मग म्हणाली, "तुले ते अंकही टाकता आले नव्हते, भाऊ. कोणाले तरी दाखव एकदा."

दवाखान्यात पैसे भरायची वेळ आली तेव्हा बायकोच्या नावावरची ठेव मोडली. ती तिच्या माहेरच्या पैशांची होती. बँकेत सही करताना ती म्हणाली, "मोडा. गुडघा तर मोडला नाही जात." तिथला साहेबही हसला.

ऑपरेशनला भाऊ आला. दोन दिवस होता. फळांची करंडी आणली, नर्सना मिठाई दिली, आणि मायच्या पायथ्याशी बसून डावं पाऊल दाबत राहिला. माय सारखी त्याच्याकडे पाहत होती. मी त्याला खालच्या कॅन्टीनमध्ये नेलं.

तोवर मी त्या नेटवर्कचे नियम वाचले होते. इंग्रजी मला सावकाश का होईना, समजतं. त्यांना नवी माणसं हवी होती. जो कोणी आपल्या लिंकवरून नवा माणूस जोडेल त्याला गुण मिळायचे. त्या नव्या माणसाच्या पिशवीत रक्कम जितके दिवस न हलता पडून राहील, तितके त्याला आणखी गुण. पुढं त्या गुणांच्या बदल्यात नाणी मिळायची होती. भावानं मला पाठवलेल्या लिंकच्या शेपटाला एक खूण होती. ती त्याची होती.

"किती गुण झाले?" मी विचारलं.

तो चहात साखर ढवळत होता. त्यानं कशाचे गुण असं विचारलं नाही. मला तेच हवं होतं आणि तेच लागलं.

"सगळेच करतात दादा," तो म्हणाला. "तुझं काय गेलं त्यात?"

"तुझ्या वहिनीची ठेव गेली."

"ती काय गेली? तुझे पैसे तुझ्याच पिशवीत आहेत. आता भाव पडला आहे, थोडं थांब. वर गेला की विक, तुलेच फायदा."

"फी पाठव. आता, माझ्यासमोर."

त्यानं फोन काढला, थोडा वेळ अंगठा फिरवला, आणि इथं रेंज नाही म्हणाला. मग वर गेला आणि पुन्हा मायचं पाऊल दाबायला बसला. मी बिल दिलं. त्या चहाचंच.

बहिणीला मी हे सगळं एकदाच सांगितलं, दवाखान्याच्या जिन्यावर. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"मले यातलं काही समजत नाही, भाऊ," ती म्हणाली. "मले दोनच गोष्टी सांग. त्यानं पाठवले का?"

"पाठवले."

"तू आले म्हणला का?"

"म्हणलो."

"मग झालं."

आमची बहीण वाईट नाही. लहानपणी माझी पट्टी मोडली, तर तिनं स्वतःची अर्धी मोडून मला दिली होती. तिनं जो न्याय केला तो मीही दुकानात रोज करतो. माल आला, पोच दिली, वाद संपला. शेतकरी दुसऱ्या दिवशी येऊन काही म्हणू लागला तर मी त्याला त्याचीच सही दाखवतो. आता तिच्या हातात माझी सही होती.

दरम्यान नाण्याचा भाव उतरत गेला. मी रोज सकाळी दुकान उघडल्यावर एकदा पाहत असे. रक्कम हलत नव्हती, तिची किंमत तेवढी घटत होती. बऱ्याच महिन्यांनी त्या नेटवर्कचं नाणं आपल्याकडच्या एका बाजारात मिळू लागलं. मी पॅन कार्ड दिलं, आधार दिलं, तोंड उजवीकडे डावीकडे फिरवून फोटो दिला, आणि जेवढं कमीत कमी मिळतं तेवढं घेतलं. फीला पुरून उरेल इतकं होतं. भावाला पाहतो पाहतो म्हणत जे सापडत नव्हतं ते हेच. खरोखरच एका चहाचं.

बायको म्हणाली, "जे काय उरलं ते विकून टाका. मायच्या गोळ्या तरी येतीन."

तिचं म्हणणं हिशेबाला धरून होतं. तरी मी ऐकलं नाही. त्या नाण्याचे विकून आलेले रुपये माझ्या खात्यात पडले असते, तर डाव्या गुडघ्यात त्याचा वाटा होता असं मलाच म्हणावं लागलं असतं, मग भाव पडून तो तिसरा हिस्साच का उरला असेना. मला तो नको होता. मी आलेली सगळी नाणी, जितकी आली होती तितकीच, त्याच्या पत्त्यावर परत पाठवली. पानावर हिरवी खूण आली. ग्रुपवर मी लिहिलं, डाव्या गुडघ्याचे पैसे परत केले आहेत, तो खर्च मी केला आहे. त्याखाली भावाचा एक अंगठा आला.

मला वाटलं, आता तरी हे संपलं. ज्याला डोळे आहेत त्याला दिसेल, की पैसे जसे आले तसे पडून होते आणि जसेच्या तसे गेले.

भाऊबीजेला बहीण आली. ताट तयार केलं, मला पाटावर बसवलं. भाऊ पुण्याहून फोनवर होता, तिनं फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता, म्हणजे त्यालाही ओवाळता येईल. माझ्या कपाळाला कुंकू लावताना ती हळूच म्हणाली, "वापस केले म्हणते तो."

"हो. सगळे."

"म्हणजे होते तुझ्याजवळ."

तिनं कुंकवावर अक्षता लावल्या.

"इतके दिवस हाती नाहीत, नाहीत म्हणत होता तू," ती म्हणाली. "होते म्हणूनच वापस केले ना? नसते तर कुठून केले असते?" तिच्या आवाजात राग नव्हता. तिला वाईट वाटलं होतं. "त्यानं तोंडातून शब्द काढला नाही, भाऊ. तूच साऱ्यांत लिहिलं."

मग तिनं मला ओवाळलं आणि फोनलाही ओवाळलं. मी ताटात ओवाळणी टाकली. भाऊ म्हणाला, माझी दादाच टाकन, मी त्याले पाठवतो, आणि सगळे हसले. मी त्याचीही टाकली.

मायची शेजारीण तेवढ्यात फराळाचं घेऊन आली होती. ती मायला विचारत होती, गुडघे कसे आहेत, थंडीचे दुखतात का.

"डाव्याचं काही नाही," माय सांगत होती. "धाकल्याचा मस्त बसला. हा मोठ्याचाच थोडा कुरकुर करते."

डॉक्टरांनी संध्याकाळी शेकायला सांगितलं आहे. तो शेक मीच देतो. पिशवीत गरम पाणी भरून आधी उजव्यावर ठेवतो, मग डाव्यावर, दोन्हीकडे सारखा वेळ. डाव्यावर ठेवली की माय म्हणते, "राहू दे रे, त्याले काही नाही झालं." मी वेळ पुरी होईपर्यंत ठेवतो.